सतरा नंबरच्या कार्डाची मागची बाजू

जबाब देणार: वॉल्टर एमिल हुब्नर, वय ७१ वर्षे, धंदा – आता काही नाही, पूर्वी धान्याच्या कोठारावर वजनकाट्याचं काम, राहणार एल्म स्ट्रीट, हॅडली, नेब्रास्का.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझ्याकडे जुन्या काउबॉय हिरोंची दोनशे अकरा कार्डं आहेत. माझ्या लहानपणी ती पावाच्या वेष्टनात मिळत. माझ्याविरुद्ध तक्रार देणारा क्लाइड प्रूइट अशी कार्डं विकतो. त्याची माझी नऊ वर्षांची ओळख होती. आता नाही.

दिनांक २ मार्च २०१५ रोजी दुपारी तो माझ्या घरी आला. म्हणाला, "वॉल्टर, क्ले डर्मटच्या माझ्या संचात फक्त सतरा नंबर नाही. प्रदर्शनापुरतं द्या, जपून आणून देतो." हा काउबॉय क्ले डर्मट रोज संध्याकाळी साडेपाचला रेडिओवर यायचा, पुढे पडद्यावरही आला. मी कार्ड दिलं. माझीच अक्कल गहाण पडली होती.

त्या कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "हे लोरीनचं आहे. वॉल्ट, हात लावलास तर दात पाडीन." लोरीन माझी थोरली बहीण. १९५२च्या ऑगस्टमध्ये पोलिओने गेली, अकरा वर्षांची होती. वडिलांनी तिचे कपडे, वह्या, गादी, सगळं अंगणात जाळलं. रोग पसरेल या भीतीने तेव्हा लोक तसंच करत. हे कार्ड मी आदल्या आठवड्यात तिच्या खोक्यातून चोरलं होतं, म्हणून राहिलं. तिच्या हातचं दुसरं काही माझ्याकडे नाही.

दिनांक १४ मार्च रोजी सकाळी अकराच्या सुमारास चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन चालू होतं. मी क्लाइडच्या टेबलापाशी जाऊन कार्ड मागितलं. त्याने हसत हसत दिलं. मी उलटून पाहिलं तर मागची बाजू कोरी होती.

मी विचारलं, "हे काय केलंस?"

"मऊ खोडरबराने पुसलं. मागे कुणी गिरगटलेलं असलं की कार्डाची किंमत पडते, हे तुम्हाला मी सांगायचं का? बघा कसं नवंकोरं दिसतंय."

"तुला कुणी सांगितलं होतं रे शहाण्या?"

"घ्या. चांगलं करायला जावं तर वर बोलणी खा. कुठल्या तरी पोरीच्या रेघोट्या होत्या त्या, वॉल्टर."

त्यावर मी माझ्या हातातला कॉफीचा पेला त्याच्या टेबलावरच्या क्ले डर्मटच्या संचावर ओतला. तक्रारीत "धक्का लागून सांडली" असं आहे, ते खोटं आहे. मला क्लाइडची मेहेरबानी नको. मी मुद्दाम ओतली आणि सावकाश ओतली. नुकसान भरून देईन. माफी मागणार नाही, त्याची आई आली तरी नाही.

माझं काय नुकसान झालं, असं जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदार बाईंनी विचारलं. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. खिडकीपाशी तिरपं धरलं की "दात" एवढा शब्द कागदात दबलेला मला दिसतो. बाईंनी दोनदा धरून पाहिलं. त्यांना दिसलं नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. खाली बाईंनी "वस्तू मालकास सुस्थितीत परत मिळाली" असं लिहिलं होतं. ती ओळ खोडायला लावून मग सही केली.

(सही) वॉल्टर ई. हुब्नर