शेंड्याची कळी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्याशेजारच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सासूच्या मांडीवर निशिगंधाची एकच दांडी होती.

“आई, खालची दोनच फुलं उमललीत. वर नुसत्या कळ्या. फसवलं तुम्हाला.”

“मीच निवडून घेतली. ही खालून वर फुलत जाते. जन्मभर माळीकाम केलेल्या माणसाला फुलून गेलेली दांडी नेऊ?”

“पण बाबांच्या डोळ्यांवर तर पट्टी आहे.”

“शनिवारी सुटेल. तोवर ही फुलत फुलत शेंड्यापर्यंत पोचेल. पट्टी काढली की शेंड्याची कळी पहिली दिसू दे त्यांना.”

“डॉक्टर म्हणाले, खात्री देता येत नाही. नाहीच दिसली तर?”

सासूनं दांडीवरचं पाणी पदरानं टिपलं.

“म्हणून तर वासाचं फूल आणलं, बाई.”