पाण्यातली सोनेरी चमकी

बाबूलालच्या मुलाला, अमरला, शहापूरची बायको आली, त्या सालची गोष्ट. भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर बाबूलालच्या बाकावरच शहापूरच्या मंगलाबाई आणि त्यांची नात रुचिता बसल्या होत्या. गाडी येईना, तेव्हा त्याचे कान तिकडेच लागले.

"आजी, मले नागपूरले शिकायले पाठवाचं का नाही, ते तू ठरव म्हनते बाबा."

"तिथं काय शिकशील?"

"रसायन. आज कॉलेजात शिशाच्या क्षाराचं पानी आन् आयोडीनच्या क्षाराचं पानी एकत्र केलं. दोन्ही बिनरंगी. पन खाली पिवळाजर्द साका बसला."

"पान्यात पानी टाकून हळद? मले बुढीले बनवून राहिली काय? चिमूटभर आनाची होती, देव्हाऱ्यात ठेवली असती."

"विष हाये ते! तापवलं का विरघळते, थंड झालं का सोन्याची चमकी झरते."

"सर्वायची झरली?"

"झरली, पन बारीक. बाकीच्यायनं घाईनं नळी थंड पान्यात बुडवली. मी तशीच ठेवली. माही चमकी सर्वात मोठी."

"हात बी नाही लावला?"

"नाही. नुसती पाहत होती."

"तुह्या बापाले दूध तापेपर्यंत धीर नसते. तू जाय नागपूरले. मी सांगन त्याले."

रुचिता पावसाळ्यात नागपूरला गेली. पुढे बाबूलालला सुनेच्या माहेरहून कळलं, मंगलाबाई त्याच साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारल्या.