लेस बांधली होती हो मी!

...नाही, पण मी म्हणतो, बांधलेली लेस सुटतेच कशी? खाली वाकून, पोट आडवं येत असताना, श्वास रोखून, दोन्ही हातांनी बांधली होती हो मी! पण ऐकून कोण घेतं? सगळे आधी माझ्या बुटाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. काही जण तर माझ्याकडे बघतच नाहीत!

तुम्हाला सांगतो, मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. हसा, हसा. आमची हीसुद्धा हसली होती. तर आमच्या गेटपाशी मोठा फलक आहे, 'अपघाताविना दिवस', आणि त्याखालचा आकडा रोज सकाळी खडूने मी लिहायचा. दोनशे भरले की अख्ख्या कारखान्याला एक दिवस सुट्टी, असं मोठ्या साहेबांनी कबूल केलेलं. एकशे चाळीस माणसं हो! कुणी बायकोला फिरायला न्यायचं ठरवलेलं, कुणी नुसतंच झोपायचं ठरवलेलं, आणि जो तो भेटेल तिथे मला विचारतोय, "किती झाले हो? किती झाले?"

एकशे नव्व्याण्णव झाले! सकाळी आकडा लिहिला, कसा दिसतो बघावं म्हणून एक पाऊल मागे आलो... आणि डाव्या बुटाने उजव्याची लेस दाबून धरली! धप्प! मनगट हे एवढं सुजलं. आता दवाखान्याची चिठ्ठी आली की तो अपघात, हा नियम कुणाचा? माझाच! दवाखान्यातून आलो आणि मीच एकशे नव्व्याण्णव पुसले, मीच शून्य काढलं. डाव्या हाताने. तेही धड गोल येईना. मागे एकशे चाळीस माणसं उभी, सगळ्यांचे डोळे माझ्या बुटावर. म्हटलं, "अहो, बांधली होती हो मी!"

घरी आलो तर ही म्हणते, "सुरगाठ मारत बसता कशाला? सरळ निरगाठ मारा की!" मारली सकाळी निरगाठ! दिवसभर सुटली नाही. संध्याकाळीही सुटली नाही! जेवलो बूट घालून, टीव्ही पाहिला बूट घालून, शेवटी हिने कात्री आणली आणि लेस कापता कापता म्हणते कशी, "आयुष्यात तुमची एकच गाठ टिकली, माझ्याशी बांधलेली. तीही मी धरून ठेवलीय म्हणून!" खरंच आहे ते.

मग दुसऱ्या दिवशी आमचे पॅकिंगवाले काका. तीस वर्षं गठ्ठे बांधतायत. माझ्या पायापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "साहेब, रागावू नका... फास उभे पडतायत तुमचे. बुटावर आडवे पडायला पाहिजेत. पहिला वेढा एका बाजूने, तर दुसरा उलट बाजूने. तुम्ही दोन्ही एकाच बाजूने घेताय. सुटणारच!" आता हे मला शिकवलं कुणी? पहिला वेढा शिकवला आईने, मला मांडीत घेऊन, मागून. आणि दुसरा? ताईने! फोन लावला. ताई म्हणते, "अरे, किती पटकन शिकलास तू! माझ्यासमोर बसून, अगदी आरशात बघितल्यासारखं!"

आरशात! म्हणजे पन्नास वर्षं मी ताईची गाठ उलटी बांधतोय! आणि आता कळलंय ते डोक्याला, हातांना कोण समजावणार? पूर्वी निदान चुकीची तरी बांधता यायची. आता अर्ध्यावर हात थांबतात आणि माझ्याकडेच बघतात, 'बोला, कुठून?'

बरं, झाकली मूठ ठेवावी ना? काका मोठ्या साहेबांना बोलले. साहेब खूश! "उत्तम! तुम्हीच सगळ्यांना शिकवा!" मी? मीच? बरं, नाही म्हणायची सोय नाही, कारण पडलेल्या माणसाने प्रशिक्षणात भाग घ्यायचा, हाही नियम माझाच!

मनगटाची सूज उतरल्यावर घेतलं प्रशिक्षण. टेबलावर उभा राहिलो, एक पाय बाजूच्या खुर्चीच्या पाठीवर, आणि सगळ्यांकडे पाठ केली. हो, आरशासारखं शिकू नयेत म्हणून! आणि सांगू? एकशे चाळीस माणसं शिकली! दोनशे ऐंशी बूट, सगळ्यांवर फास आडवे! मान वळवून बघितलं तर टाळ्या वाजवतायत, ज्यांची सुट्टी मी घालवली तीच माणसं! टाळ्या ऐकण्याच्या नादात शेवटचा फास ओढायचाच राहिला आणि आभार मानायला मी वळलो...

आता अगदी 'बांधली होती हो मी' असं म्हणायलाही तोंड नाही. अर्धीच बांधली होती.

उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताने अपघाताचा फॉर्म भरतोय. त्यात 'अपघाताचे कारण' असा रकाना आहे. खरं तेच लिहायचं, नियम माझाच. लिहिलं... 'सुरक्षा प्रशिक्षण'.