दुसऱ्या खोलीतली खाट

नाही हो मॅडम, दंड सैल सोडा — भांडायला निघाल्यासारखे खांदे वर नका करू, ते कॅमेऱ्यासमोर करा. हां, असं. चौकड्यांचा शर्ट आवडला नाही ना? मलाही नाही आवडत शिवायला. पण दिग्दर्शक म्हणतात, ही बाई बाईवर प्रेम करते हे ती दारात उभी राहिल्याबरोबर कळलं पाहिजे. म्हणजे काय? म्हणजे केस कापायचे, बाह्या दुमडायच्या, काखेत हेल्मेट. आणि तुमची ती जोडीदारीण — तिला लिपस्टिक, कानात डूल. एक नवरा, एक बायको, झालं! पुरुषांची जोडी असली की फुलाफुलांचे शर्ट, मनगट मोडून बोलायचं. हसताय? हसा, मीही हसते — माझं पोट त्यावरच चालतं.

पण काल सेटवर बोलून गेले, कोणी विचारलं नव्हतं तरी. त्या दोघींचं घर उभारलंय ना — एकच पलंग, भिंतीवर इंद्रधनुष्य — म्हटलं, चुकलंय. दुसऱ्या खोलीत एक खाट हवी. तिच्यावरची चादर रोज सकाळी चुरगळायची, उशीत खळगा पाडायचा. कोणी आलंच तर दोघी वेगळ्या झोपतात असं दिसायला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. — मला कसं ठाऊक? अहो, माझ्या ओळखीच्या आहेत दोघी. एक बँकेत आहे; ढगळ गाऊन, चष्म्याला दोरी, मोटारसायकल सोडा, सायकलवर मागे बसायलाही घाबरते. दुसरी — दुसरी काय, अशीच. शिवणकाम करते.

हात वर करा. तुमच्या सिनेमात आईला कळतं, ती चक्कर येऊन पडते, आणि शेवटच्या गाण्यात सगळ्यांच्या पुढे नाचते. खऱ्या आया पडत नाहीत हो. पाय मोडला म्हणून राहायला येतात आणि लेकीच्या खोलीत झोपतात. मग जिला भाडेकरू म्हणून सांगितलंय तिनं कुठं झोपायचं? तिच्या खाटेवर! इतकी वर्षं खोटी चुरगळली मेली, आता खरंच कोणीतरी तिच्यावर कूस बदलत पडतं. परवा जेवताना आई विचारते, "तुझी ही भाडेकरू जागा कधी सोडणार गं?" — तिच्यादेखत! आणि मी पेल्यात पाणी ओततेय, ओततेय, पेला भरून वाहिला तरी — म्हणजे ती. ती शिवणकामवाली. — जाऊ दे. कळलंय तुम्हाला.

भांडली नाही ती बँकवाली. एवढंच म्हणाली, मी तुझी कोण ते आईंना सांग, उद्यापर्यंत, नाहीतर मी जाते. ते उद्या म्हणजे आज. सकाळी आईची वेणी घालत होते, शब्द अगदी जिभेवर — आणि आई म्हणाली, "तुझ्याशिवाय मला आहे कोण?" गिळला. काय सांगू? ती कुठं नाचणार आहे?

आत्ता जा म्हणता? सिनेमात धावतात मॅडम, विमानतळावर, पावसात. मी धावत गेले तर दारात आईच बसलेली असणार. मग? आलीस का लवकर, चहा टाक.

माझा फोन वाजला का? हात गुंतलेत, तुम्हीच वाचा. — काय? परत वाचा. — "आईंना औषध दिलंय. माझी किल्ली टेबलावर ठेवली." — एवढंच? खाली काही? बघा ना नीट, कधी कधी खाली असतं.

— औषध दिलं म्हणते, नाही?

वळा. पाठ करा माझ्याकडे. आणि आता काही बोलू नका.