चिऊच्या मच्छरदाणीतल्या अळ्या

हसणार असाल तर हसा, पण सांगते. आमच्या दोन वर्षांच्या चिऊनं वैनगंगेच्या काठावरच्या घाण चिखलात हात घातला आणि मुठीत लालभडक अळ्या घेऊन आली. मी तिची मूठ सोडवली; या चावणाऱ्या माशीच्या तर नसतील? शेजारच्या काकूंचा जन्म नदीत मासे धरण्यात गेला. त्या म्हणाल्या, “काही नाही होत वं. माशीच्या अळ्या हायेत, घाण पाण्यातच होतात. थे माशी चावत नाही.”

पण मी पडले प्राणिशास्त्राची एमएस्सी. नुसत्या अळीवरून जात ओळखता येईना, आणि काकूंचं ऐकून गप्प बसवेना. मग चिखलपाण्यासकट अळ्या घमेल्यात ठेवल्या. माशी निघाली की ओळखू. उडून जाऊ नये म्हणून वर बारीक जाळी हवी होती. घरात ती एकच, चिऊची छत्रीवाली मच्छरदाणी.

सहाव्या दिवशी माशा निघाल्या. भिंग लावलं, पुस्तक उघडलं. न चावणारीच जात! जीव भांड्यात पडला. धावत सासूबाईंना सांगायला गेले. त्या चिऊच्या अंगावरच्या गांधींना खोबरेल लावत होत्या.

“चावत नाही, तर त्यायले कायले मच्छरदाणीत ठेवलं वं?” त्या म्हणाल्या. “अन् जिले मच्छर फोडून राहिले, थे पोरगी बाहेर!”