देवा बोले, सुने लागे

सासू : आणि ते मोठं पातेलं ठेव. माझं आहे.

सून : ठेवलंय, आई. तुमचं काहीच नेत नाहीये.

सासू : माझा मुलगा नेतेस की.

सून : तो आपल्या पायांनी चाललाय. उद्या सकाळी सामान न्यायचं म्हणून गाडीवाल्याकडे स्वतःच गेलाय.

सासू : एका प्रार्थनेपायी घर मोडतेस! शिवी दिली का मी? सगळ्यांदेखत गुडघे टेकून तुझ्यासाठी पदर पसरला.

सून : पदर पसरला की मला चव्हाट्यावर मांडलं? मूल पोटातच गेलं, ते फक्त तुम्हाला सांगितलं होतं. माझ्या आईलासुद्धा नाही. आणि परवा प्रार्थनासभेत पाळक, त्यांची बायको, समोरची शिंपीण, सगळे डोळे मिटून बसलेले, अन् तुम्ही सुरू : "प्रभू, माझ्या सुनेचं याही खेपेला पोटातलं गेलं, तिला रात्रपाळीचा हट्ट सोडायची बुद्धी दे."

सासू : मग देवाशी खोटं बोलू?

सून : त्याला ठाऊक नव्हतं?

सासू : मी देवाला सांगितलं. लोकांनी ऐकलं, त्याला मी काय करू? त्यांच्या कानांत बोळे कोंबू?

सून : शिंपिणीने तर आमेनच्या आधीच डोळे उघडले. माझ्या पोटाकडे बघत होती.

सासू : तिला खोडच आहे, उठसूट लोकांची मापं घ्यायची.

सून : हसवू नका मला. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. "प्रभू, या घरात काही जण दुपारपर्यंत लोळतात." रात्रभर बेकरीत भट्टीसमोर उभी असते मी, लोळू नाही तर काय करू? "प्रभू, काहींच्या हाताला मिठाचा अंदाज दे." लेकी बोले सुने लागे ऐकलं होतं. तुमचं आपलं देवा बोले, सुने लागे!

सासू : तोंडावर बोलले असते तर भांडण झालं असतं.

सून : झालं असतं आणि मिटलंही असतं. प्रार्थनेला उलट उत्तर कसं देणार? शेवटी मलाच आमेन म्हणावं लागायचं.

सासू : म्हणजे माझी भक्ती खोटी. आणि रविवारी उपासनेत डुलक्या काढणारी तू मला शिकवणार!

सून : शिकवत नाही. पण मी बोलते त्याच्याशी. पाव फुगेपर्यंत हाताला काम नसतं, तेव्हा. या खेपेला तर भांडलेच. म्हटलं, देतोस आणि काढून घेतोस, थट्टा लावलीस का माझी?

सासू : असं बोललीस? देवाला?

सून : हो. मग रडले. मग नुसतीच उभी राहिले. तो गेला नाही.

सासू : कशावरून?

सून : मामंजी खोलीत असले की तुम्हाला मान न वळवता कळायचं ना? तसं.

सासू : त्यांना मध्ये आणू नकोस. ...मला नाही कधी तसं कळलं. जन्म गेला पहिल्या बाकावर बसून. एक उपास चुकवला नाही. बायका लांबून येतात, आजी, आमच्यासाठी मागा म्हणून. आणि हा प्रभू जातो कुठे, तर बेकरीत! पिठाने माखलेल्या, त्यालाच चार शब्द सुनावणाऱ्या बाईकडे! हा न्याय झाला?

सून : तुम्ही त्याला बोलू कधी देता, आई? तुमचं संपलं की लगेच आमेन.

सासू : जीभ बघा हिची! ...बरं, बस इथे. आजची प्रार्थना व्हायची आहे. शेवटची समज.

सून : बसते. पण माझा विषय काढायचा नाही.

सासू : नाही काढत. हे प्रेमळ पित्या, म्हाताऱ्या आईला टाकून जे उद्या या घरातून...

सून : आई!

सासू : बरं, बरं. हे पित्या, माझा मुलगा बायकोच्या तालावर...

सून : तोही नको. शिंपीण नको, पाळक नको. तुमचं म्हणा.

सासू : माझं काय म्हणायचं?

सून : ते मला काय माहीत? त्यालाच सांगा. मी आत जाऊन कपडे भरते.

सासू : जाऊ नकोस गं. ऐकायला कोणी नसलं की मला सुचत नाही.

सून : तो ऐकतोय की.

(सून आत जाते. सासू एकटीच हात जोडते.)

सासू : प्रभू... मी बोलतेय. ओळखलंस का?