खोबरेल तेलावरचा लाल रंग

हसू नका, पण दसऱ्याच्या आदल्या रात्री माझी झोप उडाली ती गाडीच्या इंजिनावरच्या प्लास्टिकच्या झाकणापायी. गाडी मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. "नीट ठेवली नाही तर परत नेईन," असं बजावून दिलेली. सकाळी ते अक्कलकोटहून पूजेला येणार, आणि चहाच्या आधी बॉनेट उघडणार. म्हणून आमच्या ह्यांनी संध्याकाळी ते कळकट झाकण लाल रंगवायला काढलं.

मी म्हटलं, "अहो, आधी साबणानं धुवा, पॉलिश पेपर मारा, मग प्लास्टिकचा प्रायमर. डब्यावर लिहिलंय की."

"डब्यावर लई लिहितात. इंजिनियर तू का मी?"

मग ह्या इंजिनियरांनी खोबरेल तेलाच्या फडक्यानं झाकण पुसलं, चकाकलं म्हणून खूश झाले आणि त्या तेलावरच स्प्रे मारला. मला वाटलं, असेल बाई, आपण पडलो मराठीत बीए.

सकाळी मामांनी स्वस्तिक काढायला कुंकवाचं ओलं बोट झाकणावर फिरवलं, तर रंगाची अख्खी साल बोटाला चिकटून आली. खाली तेल आणि काळा मळ.

"हे काय रे?"

"इंजिन तापलं असेल," हे म्हणाले. गाडी कालपासून जागची हलली नव्हती.

नुकतीच न्हाऊन नवा फ्रॉक घातलेली आमची चार वर्षांची सई वाकून बघत होती. म्हणाली, "बाबा, ह्याला आंघोळ न घालताच नवे कपडे घातले?"